एकास दीडशे

चांगल्या रुईचा एक तंतू २८ मिलिमीटरच्या आसपास लांब असतो. सोलापुरात तो विकत आणावा लागत नाही, हवेतच असतो. माग चालू असलेल्या गल्लीत ओला रंग पंधरा मिनिटं उघडा ठेवला की चार-दोन तंतू हमखास येऊन बसतात. टॉवेलवर बसले तर कुणाला कळतही नाही. पण सिनेमासाठी बांधलेल्या एकास दीडशे प्रमाणाच्या अंतराळयानाच्या मॉडेलवर बसलेला तोच तंतू हिशेबाने ४.२ मीटरचा होतो, आणि पडद्यावर यानाच्या पोटाखाली कुणीतरी दोर विसरून गेल्यासारखा लोंबतो. महिनाभराची मेहनत एका क्षणात खेळण्याच्या दुकानात जाऊन बसते.

यान किती मोठं वाटणार हे त्याची लांबी ठरवत नाही. त्याच्यावर दिसणारी सगळ्यात लहान गोष्ट ठरवते. १९६८च्या ‘२००१: अ स्पेस ओडिसी’साठी डिस्कव्हरी यानाचं मोठं मॉडेल ५४ फुटांचं बांधलं होतं. नऊच वर्षांनी ‘स्टार वॉर्स’च्या सुरुवातीला जे अजस्र यान डोक्यावरून सरकत जातं आणि संपता संपत नाही, त्याचं मॉडेल होतं तीन फुटांचं. म्हणजे स्वतंत्र सिनेमा करणाऱ्याने मोठ्या जागेसाठी रडत बसायचं कारण नाही. तीन-चार फूट पुरतात. फक्त त्या तीन-चार फुटांवरच्या अर्ध्या मिलिमीटरलाही शिस्त लागते.

तेव्हा कटर हातात घेण्याआधी प्रमाण ठरवायचं, आणि ते ठरवताना यानाचा विचार करायचा नाही, जिन्याचा करायचा. जिन्यातून वळलं पाहिजे, रिक्षात आडवं बसलं पाहिजे. १२० सेंटिमीटर ही सोयीची लांबी. गोष्टीतलं यान १८० मीटरचं असेल तर प्रमाण आलं एकास दीडशे. मग पुठ्ठ्याच्या एका पट्टीवर मापं लिहून ती टेबलाला कायमची चिकटवायची: माणूस १२ मिलिमीटर, दार १३, कठडा ७, एक मजला २०. पुठ्ठ्याचाच १२ मिलिमीटरचा एक माणूस कापून टाचणीवर उभा करायचा. यानावर काहीही चिकटवण्याआधी तो माणूस शेजारी ठेवून बघायचं: याला ही शिडी चढता येईल का, या झडपेपर्यंत याचा हात पोचेल का. हा एवढासा पुठ्ठ्याचा मुकादम दिग्दर्शकापेक्षा जास्त चुका पकडतो.

सांगाडा लोखंडाचाच हवा. अर्धा इंची चौकोनी पाईप, ११० सेंटिमीटर लांब, आणि त्याला पाच ठिकाणी दहा नंबरचे नट वेल्ड केलेले: पोटाखाली, पाठीवर, दोन्ही कुशींना आणि शेपटीला. यान नेहमी कॅमेऱ्याच्या पलीकडच्या बाजूने धरायचं असतं, म्हणून पाच. आज ज्या बाजूने धरलं तीच बाजू उद्याच्या दृश्यात कॅमेऱ्यासमोर असते. वेल्ड करताना नटात बोल्ट घातलेला असू द्या, नाहीतर उडालेले थेंब आट्यांत बसतात आणि नट वाया जातो. काम खिडक्यांचं ग्रिल करणाऱ्याकडे होतं. त्याला ‘यानाचा सांगाडा’ सांगितलं तर अर्धा तास “नक्की कशाला पाहिजे ओ हे?” यात जातो. ‘स्टँड’ म्हणावं.

त्या पाईपवर ५ मिलिमीटरच्या सनबोर्डचे (पीव्हीसीच्या फेसाच्या तक्त्याचे) आडवे काप दर १० सेंटिमीटरला ओवायचे आणि वर ३ मिलिमीटरचं कवच चढवायचं. बोर्ड-फ्लेक्सवाल्यांकडे सनबोर्डचे उरलेले तुकडे मिळतात. घेताना नीट बघून घ्या, कारण त्याच दुकानात सनपॅकही असतो. तो आतून नळ्यानळ्यांचा, वजनाला हलका, भावाला स्वस्त आणि आपल्या कामाला बिनकामाचा. पॉलिप्रॉपिलीनचा असल्यामुळे त्याला ना गोंद धरतो ना रंग. सनबोर्ड कापताना एका दमात कापू नये. तीन हलके हात मारले की कड सरळ येते, एकाच जोरात फेस फाटतो. कापलेली कड सच्छिद्र असते. तिला पातळ लांबी (पुट्टी) भरून २४०चा आणि मग ४००चा पॉलिश पेपर. लांबी जाड भरली की वाळताना आकसते आणि तडकते, म्हणून दोन पातळ हात.

इथे सोलापूरचा उन्हाळा मध्ये पडतो. सकाळी पंचविशीत असलेली खोली पत्र्याखाली दुपारी पंचेचाळीसला जाते. वीस अंशांच्या फरकात १२० सेंटिमीटरचं पीव्हीसी साधारण पावणेदोन मिलिमीटर वाढतं आणि आतलं लोखंड जेमतेम ०.३. कवच दोन्ही टोकांना घट्ट चिकटवलं असेल तर उरलेला जवळजवळ दीड मिलिमीटर कुठेतरी फुगवटा काढतो, आणि तोही नेमका ज्या पृष्ठभागावर तिरका प्रकाश पडणार आहे तिथे. उपाय साधा आहे. कवच फक्त मधल्या दोन कापांना पक्कं करायचं, टोकांना नुसतं टेकू द्यायचं. शिवणीच्या फटी यानाच्या नक्षीत खपून जातात.

गोंदाचंही तेच. गरम बंदुकीचा गोंद जानेवारीत देवासारखा वाटतो आणि मेमध्ये हात सोडतो. रबराचं पिवळं सोल्युशन उष्णतेत हळूहळू सरकतं, चिकटलेला भाग रात्रीतून दोन मिलिमीटर खाली आलेला सापडतो. सनबोर्डला सनबोर्ड जोडायला नळकामाचं पीव्हीसी सोल्युशन, पण ब्रशच्या टोकावर घेऊन, पातळ. जास्त झालं तर ते बोर्डच खातं. लोखंडाला प्लॅस्टिक धरायचं असेल तर दोन ट्यूबवालं एपॉक्सी. आणि इन्स्टंट गोंद खिडक्यांच्या अ‍ॅक्रिलिकजवळ नेऊच नये. त्याच्या वाफेने काचेवर पांढरी साय येते आणि ती पुसून जात नाही. थर्माकोलवर तर तो गोंद आणि स्प्रेचा रंग दोन्ही खड्डे पाडतात. थर्माकोल वापरायचाच असेल तर आधी फेव्हिकॉलचे तीन हात.

आता मजेचा भाग. यानाच्या अंगावरची ती सगळी नळ्या-झडपा-खोक्यांची गर्दी. परदेशात १९६०च्या दशकापासून सिनेमाची मॉडेलं बनवणारी मंडळी रणगाड्यांचे आणि विमानांचे प्लॅस्टिक किट विकत घेऊन त्यांचे तुकडे चिकटवत आली. आपल्याकडे तेवढ्या किटच्या पैशांत अख्खा सिनेमा होतो. पण ज्या जिल्ह्यात डाळिंब आणि ऊस ठिबकवर जगतो तिथे याची ददात पडू नये. ठिबकच्या दुकानात एका पिशवीत काय काय येतं बघा: ड्रिपर, जॉइनर, टी, एंड कॅप, ग्रोमेट, १६ मिलिमीटरची लॅटरल (शेतात पसरायची नळी), बारीक मायक्रोट्यूब. १६ मिलिमीटरची लॅटरल आपल्या प्रमाणात २.४ मीटर व्यासाची इंधनवाहिनी होते. ड्रिपर उभा कापला की आत चक्रव्यूहासारखी खाचांची वाट दिसते. ती बाजू वर ठेवून चिकटवली तर असली नक्षी कुठलंही किट देणार नाही.

अडचण एकच आणि ती मोठी आहे. हे सगळं पॉलिथिलीन किंवा पॉलिप्रॉपिलीन. गोंद धरत नाही, आणि रंग महिन्याभरात नखाने पापुद्र्यासारखा निघतो. म्हणून ठिबकचे भाग चिकटवायचे नाहीत, जखडायचे: मागून बारीक स्क्रू, नाहीतर दोन भोकांतून तार ओवून आत पिळायची. रंगाआधी पॉलिश पेपर मारून मोटारीच्या बंपरला लावतात तो प्लॅस्टिक प्रायमर. ग्रोमेट रबराचे असतात, त्यांच्यावर रंग तडकतो. ते काळेच राहू द्यावेत.

दुसरी खाण मागाची. कागदी कोन सुंदर नोझल होतात. सूत गुंडाळायच्या कोनाचा उतार ठरलेला असतो, ५ अंश ५७ मिनिटं हा त्यातला सर्रास दिसणारा. त्यामुळे सहा इंजिनांची सहा नोझल्स मोजमाप न करता एकसारखी मिळतात. कागद आहे म्हणून आतून-बाहेरून लाकडाच्या सीलरचे दोन हात द्यायचे. नक्षी विणणाऱ्या जॅकार्ड मागाची भोकं पाडलेली जुनी पुठ्ठ्याची कार्डं भंगारात मिळाली तर इंजिनच्या पोटातल्या जाळ्या त्यांच्या करता येतात. खिडक्या मात्र त्यांच्या करू नयेत. भोकांची रांग फार शिस्तीची असते, आणि कुठल्याही वस्तीत रात्री सगळ्या खिडक्या कधीच उजळलेल्या नसतात. तीनातली एक अंधारी ठेवली तर आत माणसं राहतात असं वाटतं.

धोटा, म्हणजे मागात आडवं सूत घेऊन धावतो तो लाकडी तुकडा, मात्र लावू नका. त्याचा आकार इतका यानासारखा आहे की मोह होतोच. पण सिनेमा पहिल्यांदा दाखवला जाणार सोलापुरात, आणि साखर पेठेतल्या प्रेक्षकाला धोटा पहिल्या सेकंदाला ओळखू येतो. एकदा हशा पिकला की पुढचं अंतराळ गेलं. ओळखीच्या प्रत्येक वस्तूला हाच नियम: अर्धी कापा, उलटी करा, दुसरीत घुसवा. पेनाचं टोपण उभं राहिलं की टोपणच दिसतं. तेच उभं चिरून आडवं निजवलं की टाकी होते.

आणि हे तुकडे सगळीकडे सारखे पसरायचे नाहीत. नवशिक्याच्या यानाची भेळ होते ती इथेच. रिकाम्या जागेची भीती वाटते आणि प्रत्येक चौरस इंचावर काहीतरी चिकटतं. डोळ्याला विसावा लागतो. गर्दी सांध्यांत, खाचांत, इंजिनच्या आसपास, जिथे खऱ्या यंत्रालाही ती असते तिथे. बाकी पत्रा सपाट. सपाट जागेवर लग्नपत्रिका छापणाऱ्यांकडच्या ३०० जीएसएमच्या कार्डाचे चौकोन लावायचे. ते कार्ड ०.४ मिलिमीटरच्या आत-बाहेर, म्हणजे आपल्या प्रमाणात सहा सेंटिमीटरचा पत्रा. बरोबर बसतो. ३ मिलिमीटरच्या सनबोर्डची उघडी कड मात्र ४५ सेंटिमीटरची भिंत होते. ती कधीही दिसू देऊ नये.

रंगाची वेळ सकाळी सहा ते आठ. दुपारी स्प्रे मारला तर थेंब हवेतच वाळतो आणि यानावर रंगाऐवजी रवा पडतो. या खरबरीतपणाचा दाणा अर्धा मिलिमीटरचा, म्हणजे साडेसात सेंटिमीटरचे खडे. पावसाळी हवेत उलट होतं, लॅकरवर पांढुरकी झाक येते. रंगवण्याआधी फरशीवर पाणी शिंपडायचं, पंखा बंद, आणि यान फडक्याने पुसायचं नाही, कारण फडकंच तंतू सोडतं. चिकटपट्टी उलटी गुंडाळून टिपायचं. तरीही एखादा तंतू बसला तर ओल्या रंगातून चिमट्याने ओढायला जाऊ नये, दोन इंचांची जखम होते. वाळू द्यावा, मग १०००चा पेपर पाण्यात बुडवून हलका फिरवावा.

पांढरा रंग वापरूच नये. उन्हासारख्या प्रकाशात तो जळून जातो आणि सगळी नक्षी गिळतो. राखाडी प्रायमर, त्यावर फिकट राखाडी, आणि चौकोनांसाठी त्याच राखाडीच्या तीन छटा: एकीत काळ्याचे काही थेंब, एकीत तपकिरीचे, एकीत निळ्याचे. छटा डब्यात शेजारी ठेवल्या तर फरक जेमतेम कळावा, इतपतच. शेवटी मॅट क्लिअर. चमक ही लहानपणाची खूण आहे.

मळवण्यात एक चूक इतकी सर्रास होते की तिच्यावर वेगळं बोलायला हवं. तपकिरी तेलरंग टर्पेंटाइनमध्ये पातळ करून खाचांत सोडतात, इथवर ठीक. मग त्याचे ओघळ खाली ओढतात, गच्चीवरच्या लोखंडी टाकीवर गंजाचे असतात तसे. पण अंतराळात खाली म्हणजे कुठे? तिथे पाऊस नाही, गंज नाही, ओघळायला गुरुत्व नाही. काजळी असेल तर ती नोझलभोवती आणि दिशा बदलणाऱ्या छोट्या फवाऱ्यांच्या तोंडाशी, त्या फवाऱ्याच्या दिशेने. फळ्यावरच्या खडूची आणि कोळशाची पूड मऊ ब्रशने तेवढ्याच जागी लावावी. एवढं एक सांभाळलं तरी बघणाऱ्याला कारण न कळता यान खरं वाटू लागतं.

आतल्या दिव्यांना १२ व्होल्टची एलईडी पट्टी पुरते. मीटरला ६० दिव्यांची साधी पट्टी ४.८ वॅट घेते, दर तीन दिव्यांवर कापता येते. अ‍ॅडॉप्टरऐवजी यूपीएसची ७ अ‍ॅम्पियर-तासाची बॅटरी घ्यावी. एक मीटर पट्टी तिच्यावर दिवसभर चालते आणि वीज गेली तर दृश्य अर्धवट राहत नाही. सुटे पांढरे दिवे लावायचे तर तीन एका ओळीत आणि १५० ओहमचा एक रेझिस्टर. पट्टी लावण्याआधी कवच आतून काळं करून घ्या, त्यावर पांढरा. नाहीतर दिवे लागताच अख्खं यान आकाशकंदिलासारखं उजळतं. बारीक दिव्यांसाठी एक मिलिमीटरचा प्लॅस्टिक फायबर, म्हणजे १५ सेंटिमीटरचा दिवा. खिडक्यांमागे बटर पेपर. मेलेल्या ९ वॅटच्या बल्बचा दुधी घुमट साधारण ६० मिलिमीटरचा असतो. तो इंजिनमध्ये मागून लावला की नऊ मीटरची धगधगती भट्टी फुकटात मिळते.

इतकं करून यान कॅमेऱ्यासमोर येतं आणि ५० मिलिमीटरची लेन्स, एफ ४ वर (म्हणजे छिद्र बरंच उघडं), एका क्षणात सगळ्यावर पाणी टाकते. अर्ध्या मीटरवरून तिच्यात स्पष्ट दिसते फक्त दीड सेंटिमीटरची पट्टी. नाक स्पष्ट, पोट धूसर, आणि ही धूसरता मेंदूला लगेच सांगते की वस्तू हातभर अंतरावर आहे. एपीएस-सी (मध्यम आकाराच्या) सेन्सरवर १८ मिलिमीटरची लेन्स, एफ २२ (छिद्र अगदी बारीक), फोकस ५० सेंटिमीटरवर ठेवला तर ३१ सेंटिमीटरपासून १३५ सेंटिमीटरपर्यंत सगळं चालण्याजोगं स्पष्ट येतं. एफ २२ला चित्राची धार किंचित बोथट होते, ती खुशाल होऊ द्यावी. प्रकाश मात्र फार कमी पोचतो. म्हणून व्हिडिओ नाही, एकेक फोटो. दादासाहेब फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी वाटाण्याच्या रोपाची वाढ अशीच एकेक फ्रेम घेऊन टिपली होती, तेव्हा या वाटेला आपल्याकडे आजोबाही आहेत.

कॅमेरा सरकवायला आठ नंबरचा, म्हणजे आठ मिलिमीटर जाडीचा, मीटरभर लांब आट्यांचा रॉड. त्याचा एक फेरा म्हणजे १.२५ मिलिमीटर. पाच सेकंदांच्या दृश्याला १२० फ्रेम. फ्रेमला एक फेरा धरला तर १५० मिलिमीटर, म्हणजे यानाच्या जगात साडेबावीस मीटर: ताशी १६ किलोमीटर, सायकलचा वेग. मोठ्या यानाला तो शोभतो. दिग्दर्शक ‘जरा फास्ट’ म्हणेल, ऐकू नये.

एकेक फोटो थांबून घेतला तर हालचाल ठेचकाळते, कारण प्रत्येक चित्र ठार स्थिर असतं. म्हणून शटर दोन सेकंद उघडं असताना अर्धा फेरा सावकाश फिरवायचा आणि मिटल्यावर उरलेला अर्धा. सिनेमाच्या कॅमेऱ्यातही उघडझाप जवळपास अशीच निम्मी-निम्मी असते. फिरवायची मूठ आणि रॉड यांच्यामध्ये लॅटरलचा बोटभर तुकडा बसवला की हाताची थरथर कॅमेऱ्यापर्यंत जात नाही. पहिल्या दहा-बारा फ्रेमला पाव फेरा, मग अर्धा, मग पूर्ण. फेरा नेहमी एकाच दिशेने. चुकून पुढे गेलात तर दोन फेरे मागे जाऊन परत या, नाहीतर नटातला खेळ चित्रात झटका देतो. लेन्सचं अ‍ॅपर्चर (प्रकाशाचं छिद्र) हाताने फिरवायचं असावं. आपोआप मिटणारं प्रत्येक फोटोला केसभर वेगळं मिटतं आणि पडद्यावर प्रकाश लुकलुकतो.

शेजारी माग असेल तर फरशी त्याच्या ठोक्यावर थरथरते आणि दोन सेकंदांच्या फोटोत ती थरथर उतरते. कॅमेरा आणि यान एकाच जाड फळीवर, खाली स्कूटरच्या ट्यूबचे तुकडे. तेही पुरलं नाही तर माग बंद असलेला दिवस.

प्रकाश एकच, कडक, एका बाजूने. सूर्य आकाशात अर्धा अंश रुंद दिसतो, त्यामुळे १० सेंटिमीटरवर पडलेल्या सावलीची कड मिलिमीटरभरही पुसट होत नाही. ३० सेंटिमीटरचा एलईडी पॅनल दोन मीटरवर ठेवला तर तीच कड १५ मिलिमीटर पुसट होते, म्हणजे सव्वादोन मीटर. अशी मऊ सावली अंतराळात नसते, लग्नाच्या फोटोत असते. परावर्तक काढलेला तीन सेंटिमीटरचा दिवा तीन-साडेतीन मीटरवर टांगला की सूर्याचा हिशेब जुळतो. गच्चीवरचं खरं ऊन अर्थात याहून सरस आणि फुकट. पण सूर्य तासाला १५ अंश सरकतो. १२० फ्रेमला बारा मिनिटं लागली तर सावली तीन अंश फिरते आणि यान उभ्या जागी वळल्यासारखं वाटतं. स्थिर दृश्यासाठी गच्ची, सरकत्यासाठी खोली.

मागे काळं मखमल. काळं सुती कापड डोळ्याला काळं दिसतं, कडक प्रकाशात राखाडी होतं. एकदा अंगावरच्या प्रकाशात पूर्ण दृश्य घ्यायचं. मग रॉड शून्यावर आणून, मोठा दिवा बंद, फक्त खिडक्या आणि इंजिन, आठ-आठ सेकंदांच्या उघडीत. मग पुन्हा शून्यावरून तिसरी फेरी: सगळे दिवे बंद, मागे पांढरं फ्लेक्स उजळलेलं, यान नुसती सावली. ही सावली म्हणजे तारे कुठे झाकायचे त्याचा नकाशा. पाच सेकंदांना ३६० फोटो. फेरे कागदावर पाच-पाचच्या काड्या मारून मोजायचे. फोनवर मोजायला गेलात की नेमका फोन येतो.

तिन्ही फेऱ्या संगणकावर एकमेकींवर ठेवून बघेपर्यंत फळीवरचा एकही स्क्रू सैल करू नका. रात्री यान झाकायला घरातली चादर हाताशी असते, सोलापुरात तर दहा असतात. ती टाकायची नाही. ड्रायक्लीनवाल्याकडची साडीची प्लॅस्टिक पिशवी घ्या, आणि ती आतून एकदा चिकटपट्टीने टिपून घ्या.